एक्याण्णव टक्के पोचलेला निरोप

१२ ऑक्टोबर

बंगळूरच्या संस्थेचं उत्तर आलं. 'मोहोर'ला दोन वर्षं पोसायला ते तयार आहेत, पण आधी एक फॉर्म भरायचा आहे. पहिले सहा प्रश्न सॉफ्टवेअरचे, ते मी चहा निवायच्या आत भरले. सातवा प्रश्न असा: तुमच्या प्रकल्पात काम करणाऱ्यांमध्ये विविधता किती? स्त्रिया किती, खेड्यातले किती, संगणक न शिकलेले किती, परभाषक किती? सोबत एक गुळगुळीत पत्रक. तऱ्हेतऱ्हेची माणसं असली की खुलं सॉफ्टवेअर जास्त टिकतं म्हणे.

आंब्यावरच्या तुडतुड्याला काय पडलंय हो, त्याच्यावरचं गणित बाईने मांडलं की बुवाने?

'मोहोर' म्हणजे काय हे या वहीला सांगायची गरज नाही, पण संस्थांना पत्रं लिहून लिहून सवय जडली आहे. हवेचे आकडे घ्यायचे, आंब्याच्या मोहोरावर कीड किंवा करपा कधी पडेल ते दोन दिवस आधी ओळखायचं आणि बागायतदाराच्या मोबाइलवर निरोप धाडायचा की अमुक दिवसाच्या आत फवारा. कोड खुला आहे. कोणीही वाचावा, कोणीही फुकट वापरावा, कोणीही सुधारून पाठवावा. पाठवलेलं आत घ्यायचा अधिकार मात्र दोघांनाच, निलेशला आणि मला. एकच कॉलेज, एकच वर्ष, वसतिगृहाची एकच खोली. तो पुण्यात असतो. मी तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून जामसंड्याला आलो, थोरल्या बहिणीकडे, चारुताताईकडे. ती इथल्या शाळेत भूगोल शिकवते आणि घरी मला.

एप्रिलमध्ये बागायतदार संघ ठरवणार आहे, पुढच्या हंगामापासून 'मोहोर' कायमचा घ्यायचा की एका कंपनीचं विकतचं ॲप. संघ हातचा गेला की आठ वर्षांचं काम गेलं. मग पुन्हा पुण्याला जाऊन कुणाच्या तरी बिलांचं सॉफ्टवेअर लिहायचं.

ताईला सातवा प्रश्न वाचून दाखवला. ती म्हणाली, "बरोच आसा की प्रश्न. तुमी दोघा एकाच ताटात जेवलेले. एकाक दिसणा नाय ता दुसऱ्याक कसा दिसतला?"

भूगोलवाल्यांनी सॉफ्टवेअरवर बोलू नये असा कायदा हवा.

२० ऑक्टोबर

विविधता गोळा करायला कट्टा नावाच्या गावी गेलो. ताईच्या एका जुन्या विद्यार्थिनीने हॉल मिळवून दिला. नऊ जणी आल्या. दोन तास शिकवलं, समोसे दिले, फोटो काढला. फोटो उत्तम आलाय. बंगळूरला आवडेल.

त्यातली एक, किशोरी, जरा बरी वाटली. बी.एस्सी. करून घरी बसलेली आहे. घरी म्हणजे आंबा, काजू, भात आणि दोन म्हशी आहेत, ते सगळं बघते आणि बाकी वेळ मोकळीच असते. तिने घरी स्वतःच कोड लिहायला शिकून घेतलंय. तिला आणि बाकी आठ जणींना यादीत घातलं. केरळातले निवृत्त बँकवाले श्रीधरन आणि ब्राझीलची एक कॉफीवाली मुलगी आधीपासून अधूनमधून पत्रं पाठवत असतात, त्यांनाही घातलं. निलेश आणि मी धरून तेरा. स्त्रिया दहा. सातव्या प्रश्नाचा निकाल लागला.

४ नोव्हेंबर

किशोरीने पहिला बदल पाठवला. निरोप लांबलचक आहेत, बागेत उन्हात उभं राहून वाचता येत नाहीत, म्हणून तिने ते दोन ओळींवर आणले. मी परत पाठवला. ओळीच्या सुरुवातीला चार जागा सोडायचा आमचा नियम आहे, तिने दोनच सोडल्या होत्या. तिने दुपारी चार सोडून पाठवला. मग बघितलं तर शीर्षकानंतर रिकामी ओळ नव्हती. पुन्हा परत.

निलेशचाही आज एक बदल होता. तो मी दहा मिनिटांत आत घेतला. निलेशचं मी उघडून बघतच नाही. बघायचं काय त्यात?

२१ नोव्हेंबर

मूळ गावी जत्रेला गेलो होतो. तमाशाच होता. पालखीला पहिला खांदा कोणाचा यावरून आमचे काका आणि खालच्या वाडीचे मानकरी भर दुपारी तासभर भांडले. पालखी जमिनीवर, देव आत, आणि बाहेर दोन सत्तरीचे म्हातारे एकमेकांना विचारतायत की तुमचो आजो खंय होतो तेव्हा. शेकडो माणसं उन्हात ताटकळली. कुणाच्या तरी आजोबाने कधीतरी आधी हात लावला म्हणून नातवाने जन्मभर मिरवायचं. हसू आलं.

घरी येऊन बघतो तर श्रीधरन यांचं पत्र. किशोरीला बदल आत घेण्याचा अधिकार द्यावा, तिचं काम चांगलं आहे, असं ते सुचवतात. मी नम्रपणे नाही म्हटलं. आठ वर्षं निलेशने आणि मी घातली आहेत. कालची आलेली मुलगी.

८ डिसेंबर

संघाची सभा झाली. अध्यक्ष हरिश्चंद्र यांनी विचारलं, निरोप पोचतात का? मी पडद्यावर आकडा दाखवला. दोन हजार एकशे चाळीस बागा आणि त्यातल्या एक्याण्णव टक्के जणांनी निरोप उघडून वाचला. एक्याण्णव! कंपनीच्या ॲपवाल्याने वही मिटली.

बाहेर पडतो तोच निलेशचा पुण्याहून फोन आला. त्यालाही त्याच्या गावच्या बागेचा निरोप आलेला. "ऑफिसात बसून वाचला रे, भारी वाटलं," म्हणाला. आपलं काम आपल्यालाच असं वेळेवर मिळतं तेव्हा समाधान वाटतं.

एवढ्यात किशोरीची तक्रार येऊन पडली आहे. 'निरोप बागेत पोचत नाहीत. एका बागेला दोन-तीन नंबर जोडता आले पाहिजेत.' मी पुरावा मागितला. तिने लिहिलं, 'आमच्या वाडीत अकरा घरी विचारलं. एकाही घरात निरोप आलेला नाही.' अकरा घरं! मी तिला समजावलं की दोन हजारांपुढे अकराला काही किंमत नसते. नंबर कुठला घ्यायचा याचा नियम निलेशने आणि मी विचार करून केलाय. सातबाऱ्यावर पहिलं नाव ज्याचं त्याचाच नंबर, म्हणजे घोळ नाही. कोकणातल्या सातबाऱ्यावर सतरा-सतरा नावं असतात, सगळ्यांना निरोप पाठवत बसलो तर झालंच. तक्रार बंद केली.

११ डिसेंबर

किशोरीने तीच तक्रार पुन्हा टाकली. यावेळी श्रीधरन मध्ये पडले. त्यांच्या बहिणीची मिरीची बाग आहे, जमीन मुलांच्या नावावर आणि मुलं आखातात. ब्राझीलच्या मुलीने विचारलं, 'तुमच्याकडे जमीन ज्याच्या नावावर असते तोच तिथे राबतो का?' कॉफी पिकवणारीने आम्हाला सातबारा शिकवायचा!

विषयांतर म्हणून बंद केली. ही विविधता म्हणजे नुसती कटकट आहे. आम्ही दोघं होतो तेव्हा वर्षभरात तीन तक्रारी यायच्या, तिन्ही आमच्याच.

२८ डिसेंबर

मळभ, धुकं, आणि पहाटे अवेळी पाऊस. 'मोहोर'ने तो परवाच ओळखला होता. अठ्ठेचाळीस तासांत फवारा, नाहीतर करपा पडेल, असा निरोप सकाळी सगळ्यांना गेला. संध्याकाळपर्यंत त्र्याण्णव टक्क्यांनी वाचला. हा उच्चांक आहे. ताईने सोलकढी केली होती, ती दोन वाट्या जास्त प्यायलो.

२ जानेवारी

किशोरीची तक्रार तिसऱ्यांदा. न वाचता बंद केली. तिने खाली एकच ओळ लिहिली, 'ठीक आहे दादा.' चला, समजलं एकदाचं.

११ जानेवारी

हरिश्चंद्रांचा फोन. अर्ध्याअधिक बागांत मोहोर काळा पडलाय. लोक म्हणतात, कोणी सांगितलंच नाही.

सांगितलं नाही? त्र्याण्णव टक्के! वाचायचं आणि झोपायचं, वर बोंब मारायची. मी हरिश्चंद्रांना स्पष्ट सांगितलं की सॉफ्टवेअर निरोप देतं, हातात पंप देत नाही. ते म्हणाले, "पुष्करानू, रागावू नका. पण पंप मारूक माणसा तयार होती हो. तेंका म्हायतच नव्हता." हे म्हणजे पत्र मिळाल्याची सही देऊन पत्र आलंच नाही म्हणण्यातला प्रकार.

उद्याच किशोरीच्या वाडीत जातो आणि तिच्या अकरा घरांचा समाचार घेतो. प्रत्येक निरोप कोणी किती वाजता वाचला त्याची छापील यादी नेणार आहे.

१२ जानेवारी

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

कट्ट्याहून रिक्षाने वाडीत गेलो. किशोरी घरी नव्हती, काजूच्या बागेत गेलेली. तिच्या शेजारच्या काशीबाईंकडे गेलो. साठीच्या आहेत, एकट्या असतात, ऐंशी कलमांची बाग बघतात. माझ्या यादीत त्यांची बाग आहे. अठ्ठावीस तारखेचा निरोप सकाळी सात वाजून चार मिनिटांनी वाचलेला. यादी त्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, हे काय?

त्यांनी यादीकडे बघितलंच नाही, मला बागेत नेलं. कलमांवर मोहोर होता, पण काजळी धरल्यासारखा. हात लावला की गळत होता. फक्त कडेच्या चार झाडांवर बारीक कणी, राईएवढी फळं, धरलेली, कारण त्या दिवशी किशोरीच्या नेहमीच्या फवारणीनंतर पंपात थोडं औषध उरलेलं, ते तिने जाता जाता यांच्या झाडांवर मारलं होतं.

"निरोप इलो नाय तुमका?" मी विचारलं.

"कसलो निरोप? माका कोणी कायएक सांगूक नाय, झिला."

"मग वाचल्यान कोणी?"

यादीत नाव होतं लवू. त्यांचा दीर, डोंबिवलीला असतो. सातबाऱ्यावर पहिलं नाव त्याचं. तिथूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा.

"निरोप?" लवूकाका खूश झाले. "इलो तर! माका बरोबर येता. सकाळी उठल्यार पयलो तोच वाचतंय. अठ्ठावीस तारखेचो तर माका पाठ आसा." आणि खरंच त्यांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. करपा, अठ्ठेचाळीस तास, औषधाचं प्रमाण, सगळं. "आमच्या वाडीच्या ग्रुपार पण टाकतंय मी. हंय डोंबिवलीक सगळे वाचतत, अंगठे दाखवतत. गावची आठवण येता हो. तुमचा काम बरा आसा."

"मगे वयनीक कित्या नाय सांगलात?"

त्यांना प्रश्नच समजला नसावा.

"तिका काय सांगूचा?" ते म्हणाले. "ती बागेतच आसा मा!"

काशीबाई हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "देवमाणूस आसा तो," म्हणाल्या. "चवथीक न चुकता येता." मग मला चहा दिला. ज्या बागेचं उत्पन्न यंदा गेलं त्या बागेच्या मालकिणीने. मालकीण म्हणजे सातबाऱ्यावर सोळावं नाव.

आणखी सहा घरी गेलो. दोन निरोप ठाण्यात वाचले गेले होते, एक विरारला, एक थेट मस्कतला. दोन जण वारलेले, त्यांचे निरोप नातू वाचतात.

एक्याण्णव टक्के.

१३ जानेवारी

ताईला सांगितलं आणि लवूकाकांना मनसोक्त शिव्या घातल्या. या चाकरमान्यांना गाव म्हणजे मोबाइलवरचं चित्र वाटतं. अंगठे दाखवतात! बाग जळतेय आणि हे अंगठे दाखवतायत!

ताई भाजी चिरत होती. म्हणाली, "तेचो नंबर घेवचो असो नियम कोणी केल्यान?"

मी उठून आत आलो आणि बंद केलेल्या तक्रारी उघडल्या. तिसरी मी वाचलीच नव्हती. ती दोन पानांची होती. अकराची आता बावन्न घरं झालेली. प्रत्येक घरापुढे जमीन कोणाच्या नावावर, तो कुठे, बागेत कोण, तिचा नंबर काय, तिला वाचता येतं की ऐकवावं लागेल. खाली लिहिलेलं, 'मी स्वतः जाऊन विचारलंय. पाहिजे तर अजून विचारते.'

निलेशला फोन केला. विचारलं, अठ्ठावीसचा निरोप मिळाल्यावर आईला कळवलंस का?

"आईला? ती कुठे ॲप बघते? आणि तिला काय सांगणार, बाग तर तीच..."

तिथे थांबला. मग म्हणाला, नंतर बोलतो.

१५ जानेवारी

दुरुस्ती दोन तासांत झाली. एका बागेला हवे तितके नंबर जोडता येतात, लिहिलेल्याऐवजी बोललेला निरोपही जातो. निलेशने दहा मिनिटांत आत घेतली. आता नवीन रकाना दोन हजार एकशे चाळीस बागांपुढे उघडा आहे आणि सगळीकडे रिकामा आहे. बागेत कोण राबतं हे कुठल्याच दप्तरात लिहिलेलं नसतं. निलेश म्हणाला, तलाठ्याकडे मिळेल का? आठ वर्षं याच्याबरोबर काम करतोय मी.

किशोरीला मोठ्या मनाने पत्र लिहिलं. तिची सूचना स्वीकारण्यात आली आहे, तिने आपली यादी पाठवावी, बदल आत घेण्याच्या अधिकाराचाही विचार करता येईल.

१६ जानेवारी

उत्तर आलं. 'दादा, दोन तारखेलाच मी कोड उचलून वेगळं सुरू केलं. नाव हाक. तुमचं आणि निलेशदादांचं नाव पहिल्या ओळीत ठेवलंय. बघा जमलं तर.'

वेगळं सुरू केलं! कालची मुलगी, माझा कोड! उघडून बघितलं. कट्ट्याच्या आठही जणी तिथे. श्रीधरन तिथे. ब्राझीलची कॉफी तिथे. निरोप मालवणीत, काशीबाईंच्या आवाजात: 'गो बायांनो, उद्या दुपारच्या आत पंप मारा.' आणि त्यांचा नियम काय, तर कोणताही बदल आत जाण्याआधी बागेत राबणाऱ्या एका माणसाने तो वापरून हो म्हटलं पाहिजे. संगणकाचं ओ की ठो कळत नसलं तरी चालेल!

यांनी आठवड्याभरात गाशा गुंडाळला नाही तर नाव बदलेन.

कायदेशीर काही करता येत नाही. कोड कोणीही न्यावा असा परवाना मीच निवडला होता आणि त्यावर पुण्यात दोनदा भाषणही दिलं होतं, टाळ्या पडल्या होत्या.

२३ फेब्रुवारी

पुन्हा धुकं. 'हाक'ने एकशे सत्तर बागांना बोलून कळवलं, आम्ही दोन हजारांना लिहून. ताईच्या शाळेतली शिपाईण तुळसा सांगत होती की तिच्या माहेरच्या वाडीत सकाळी नऊला सगळीकडे पंप सुरू झाले, औषध कमी पडलं. आमचे वाचणारे नव्वद टक्के.

७ मार्च

बंगळूरहून पत्र. 'मोहोर' मंजूर! नुसता मंजूर नाही, विविधतेचा आदर्श म्हणून त्यांच्या पत्रकात छापणार आहेत. कट्ट्याचा फोटो मोठा करून मागितलाय. तेरा जणांची यादी वाचून त्यांना भरून आलं म्हणे. त्यातले आता माझ्याकडे दोघे उरलेत. हे कोणी तपासत नाही. तपासायला यायचं तर कट्ट्यापर्यंत यावं लागेल.

म्हणजे मीच खरा होतो. विविधता फॉर्मवर असली की काम भागतं.

निलेश म्हणाला, घेऊया, दोन वर्षं मिळतील, मग बघू. मी हो म्हटलं. झोप नीट लागली नाही.

६ एप्रिल

संघाची सभा. तीन नावं होती, कंपनीचं ॲप, 'मोहोर' आणि 'हाक'. मी नवे रकाने दाखवले. हरिश्चंद्रांनी विचारलं, यात किती नंबर भरलेत? मी म्हटलं, एकशे बारा. किशोरी उठली. तिच्याकडे नऊशे. जानेवारीपासून नऊ जणींनी वाडी-वाडी फिरून गोळा केलेले. कोणीतरी मागून विचारलं, ह्या सगळा तू एकटीन केलंस गो?

"नाय," ती म्हणाली. "पाऊस कधी पडतलो ता ओळखणारा गणित पुष्करदादांचा आणि निलेशदादांचा आसा. ता नसता तर आमी काय सांगतलाव होताव? आमी फकत सांगूचा कोणाक, ता बघलाव."

'हाक'ला हात वर करणाऱ्यांत पुढच्या रांगेत पंचवीसेक बायका होत्या. संघाच्या सभेला इतक्या बायका मी कधी बघितल्या नव्हत्या. त्या कधीपासून सभासद आहेत कोण जाणे.

'मोहोर' संपला. आठ वर्षं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, कारण रडू आवरत नव्हतं.

९ एप्रिल

शेवटचा उपाय म्हणून किशोरीला फोन केला. बंगळूरचा आधार मिळालाय, तू आणि बाकीच्या जणी कागदावर 'मोहोर'मध्येच राहा, तुझं 'हाक' तू वेगळं चालव, कोणाचं काही जात नाही, असं सांगितलं. मला वाटतं मी गोड बोललो.

ती लगेच रागावली नाही. म्हशीला काहीतरी ओरडली, मग म्हणाली, "दादा, फोटोत मी आसंय मा. आणखी काय होया तुमका?"

फोन तिनेच ठेवला.

१० एप्रिल

बंगळूरला लिहिलं. यादीतले अकरा जण आमच्याबरोबर काम करत नाहीत. ते होते तेव्हा त्यांच्या तीन तक्रारी मी बंद केल्या, त्यातली एक न वाचता. मोहोर काळा पडला. ते आता 'हाक'मध्ये आहेत, पत्ता सोबत. तुमच्या पत्रकातलं म्हणणं खरं की खोटं मला अजूनही माहीत नाही. माझ्याकडे विविधता होती आणि प्रकल्प बुडाला, एवढंच मी खात्रीने सांगू शकतो.

पत्राची प्रत निलेशला पाठवली. मग त्याचा निरोप आला की आईचा नंबर 'हाक'मध्ये घातलाय.

२६ एप्रिल

पुण्याला दोन कंपन्यांना अर्ज केलेत. पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. 'हाक'मध्ये माझंच गणित आहे, आणि त्यात समुद्राकडच्या आणि आतल्या बागांचं दव एकच धरलेलं आहे. ही चूक आठ वर्षांपासूनची आहे, निलेशला कधी दिसली नाही, मलाही नाही. काशीबाईंची बाग बघून आलो तेव्हापासून खटकत होती. तीन दिवस बसून दुरुस्त केली आणि पाठवली. नवख्यासारखी, सगळ्यांसारखी. त्यांच्या नियमाप्रमाणे ती एका बागवाल्याकडे तपासायला गेली.

काशीबाईंकडे गेली.

२९ एप्रिल

तीन दिवस उत्तर नाही. किशोरीला विचारलं तर म्हणाली, काजूचा हंगाम आहे, काशीकाकींना वेळ नाही. आठ वर्षांत मी कधी कोणाच्या उत्तराची वाट बघितली नव्हती. माझा बदल एका अशा बाईच्या मोबाइलात पडून आहे, जिला तो मोबाइल चार्ज करायला शेजारी न्यावा लागतो. काय दिवस आलेत.

३० एप्रिल

काशीबाईंचा बोललेला निरोप आला. मागे कोंबड्या.

"पुष्करा, किशोरीन माका समजावन सांगल्यान. तू म्हणतस आमच्या हंय दव जास्त पडता. बरोबर आसा. पण किती वाजापर्यंत रवता ता तू चुकलंस. तुका म्हायत असतला कसा? तू दुपारचो इलंस आणि चाय पिवन गेलंस. असो बदल मी घेवचंय नाय. हंय ये. काजी गोळा करूक माणसा कमी आसत. चार दिस रव, पहाटे बागेत चल, दव बघ, मगे काय ता लिही."

दोनदा ऐकला. तिसऱ्यांदा ताईने ऐकला आणि पदर तोंडाला लावून हसत बसली.

पुण्याच्या एका कंपनीने सोमवारी मुलाखतीला बोलावलंय. त्यांना कळवलं की पुढच्या आठवड्यात जमणार नाही. साठीच्या बाईकडून कोड तपासून घेण्यासाठी काजू वेचायला चाललोय, हे कारण लिहिलं नाही.

सकाळची कट्ट्याची गाडी आहे. पिशवी भरताना ताई दारात येऊन म्हणाली, "जुनी पँट घे रे. काजीचो डाग जाणा नाय."

कपाट उघडून बघितलं. सगळ्या मीटिंगच्या. माझ्याकडे तशी पँट एकही नाही.